कंपनीचा वास

नाकावर चप्पल दाबलेली होती. चामड्याची, जुनी, आतून घामानं काळी पडलेली, अंगठ्याच्या जागी खळगा झालेली. अक्षदाला शुद्ध आली ती त्या खळग्यातच. श्वास घ्यायचा तर तो वास आत ओढल्यावाचून इलाज नव्हता, आणि तोंड उघडावं तर जीभ चावली गेलेली, तोंडभर रक्ताची गंजकी चव. वर पंखा फिरत होता आणि पंख्याखाली बायकांचे चेहरे वाकले होते. मोहोपाड्याच्या बाजारातल्या मॅचिंग सेंटरमध्ये आपण अस्तर घ्यायला आलो होतो, एवढं तिला आठवलं. दुकानदारानं मोरपंखी रंगाचा तागा काउंटरवर सोडला होता, तिनं कापड बोटांत चोळून बघितलं होतं, आणि मग तो वास आला होता, नेहमीचा. त्यापुढं काही नव्हतं. "हुंग गं बाय, जोरात हुंग," चप्पल धरलेली म्हातारी म्हणत होती. तिच्या आवाजात माया होती, आणि माया होती म्हणून तिचा हात झिडकारताही येईना. अक्षदानं मान वळवली आणि ती ओकली. काउंटरवरून खाली लोंबणाऱ्या मोरपंखी कापडावर ते सगळं गेलं. साडी खालून ओली झाली होती हेही तिला तेव्हाच कळलं. दुकानदार सभ्य माणूस होता. त्यानं कात्री घेतली, खराब झालेला तुकडा सरळ रेषेत कापला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून, हात अंगापासून लांब ठेवून, मागच्या दारानं नेला.

ती चिमूट अक्षदाच्या ओळखीची होती. ती स्वतः घरी ब्लाउज शिवायची. बायका मापाचा म्हणून अंगातला जुना ब्लाउज पिशवीत कोंबून आणून द्यायच्या, काखेत पिवळी कड आलेला, हुकांपाशी पावडर आणि घाम मिळून चिकट झालेला. कधी कधी तर येताना अंगात घातलेलाच, कॉलनीतल्या शेजारणीकडं बदलून आणलेला, अजून कोमट. अक्षदा तो असाच दोन बोटांत धरायची, गॅलरीतल्या खिळ्याला दिवसभर टांगून ठेवायची आणि मगच त्यावर टेप लावायची. त्यात आपण कुणाचा अपमान करतोय असं तिला कधी वाटलं नव्हतं. आता दुकानाच्या फरशीवर बसून, कुणीतरी दिलेल्या पाण्यानं चूळ भरताना, त्या चिमटीत आपणच लोंबतोय असं तिला वाटत राहिलं.

किशोर आला. तिचा नवरा, रसायनीतल्या एका कंपनीत ऑपरेटर. पहिली पाळी संपवून नुकताच घरी पोचला होता आणि कुणीतरी फोन केला होता. त्याचे केस ओले होते. बायको बाजारात पडलीय असं कळल्यावरही हा माणूस आधी अंघोळ करून आला होता. तो खाली बसला, तिला धरून उठवू लागला, आणि अक्षदानं सगळ्यात आधी काय केलं तर त्याच्या खांद्याकडं नाक नेलं. साबण. नाकात अजून चप्पल होती, तिच्यातून गाळून साबण आला. दुकानात फॉल लावून देणारी मैना नावाची मुलगी दाराशी उभी होती. ती किशोरला हळूच म्हणाली, "दादा, माझ्या भावाला पण येतात. कुठं अंगारेधुपारे करत बसू नका. कर्जतला महिन्यातून एकदा मुंबईची डॉक्टरीण येते, फक्त फिटचंच बघते. तिच्याकडं न्या." फिट हा शब्द अक्षदाच्या अंगावर दुसऱ्या ओकारीसारखा आला. ती म्हणाली, "फिट नाय. मला वास सहन होत नाय." मैनानं किशोरकडं पाहिलं. किशोर जमिनीकडं पाहत होता.

वास सहन होत नाही. आयुष्यभर अक्षदानं स्वतःची ओळख हीच करून दिली होती. तिचं माहेर लोधिवलीचं, जुन्या हायवेच्या अंगाला. नववीत असताना एका सकाळी ओट्यावर दात घासता घासता तो पहिल्यांदा आला. जळलेले केस, नासलेलं अंडं आणि या दोन्हींच्या खाली काहीतरी गोड, कुजत चाललेल्या फणसासारखं. त्याला नाव नव्हतं. पोटातून एक लाट गळ्यापर्यंत यायची, समोरचं जग आधी एकदा असंच होऊन गेल्यासारखं क्षणभर वाटायचं, आणि मग वास विरायचा. ती आईला म्हणाली, कसला घाण वास येतोय गं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, कंपनीचा असेल, वारा रसायनीकडचा हाय. झालं. त्या मुलखात कुठल्याही वासाला तेवढं उत्तर पुरायचं. पाताळगंगा नदीवरून वारा आला की गावात कधी गंधक यायचा, कधी औषधाचा कडू दर्प, लोक दोन शिव्या घालायचे आणि कामाला लागायचे. आपल्याला जो येतो तो इतर कुणाला येत नाही, हे अक्षदाच्या लक्षात आलं होतं. पण त्याचा अर्थ तिनं एवढाच लावला की आपलं नाक तीक्ष्ण आहे. बाकीच्यांची नाकं मेलीत. त्यात थोडा अभिमानही होता.

आणि मग याच नाकाला मोहोपाड्यात दिलं, कंपन्यांच्या उशाला. स्टाफ कॉलनीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, गॅलरीतून कंपन्यांची धुराडी दिसायची. लग्नानंतर आठवड्याभरात ती दोघं महाबळेश्वरला गेली होती. तिथं एका सकाळी धुकं खिडकीला टेकलेलं, बशीत स्ट्रॉबेरी, किशोर चहाचा कप तिच्यासमोर धरून काहीतरी सांगत होता, आणि तो वास आला. इतका स्वच्छ, इतका जवळ की ती कप ढकलून उठली. तिथं कंपनी नव्हती. सगळ्या डोंगरावर कंपनीची अशी एकच वस्तू होती, आणि ती समोर बसून चहा पीत होती. अक्षदाचं त्या सकाळी ठरून गेलं. कंपनीचा वास याच्या अंगात मुरलाय. कातडीत, केसांच्या मुळांत, घामात. तिनं ते त्याला तिथंच सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगितलं, दुसऱ्या पाळीहून तो उशिरा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा वास परत आला. "तुमच्या अंगाला वास येतो," ती म्हणाली. त्यानं स्वतःची बाही हुंगली, काखेत नाक घातलं, गोंधळून हसला. मग अंघोळीला गेला.

तेव्हापासून तो अंघोळ करत आला होता. कंपनीतून सुटल्यावर तिथल्या न्हाणीघरात एकदा, घरी आल्यावर पुन्हा, आणि तिनं नाक मुरडलं की तिसऱ्यांदा. आधी साधा साबण, मग कडुनिंबाचा, मग अर्धं लिंबू कापून काखेत आणि मानेवर घासायचा. कोपरांपाशी कातडी पांढरी पडून भेगाळली होती. त्यानं सुकट सोडली, बोंबील सोडले, कांदा कमी केला. त्याची आई आनंदीबाई पळसदरीला गावी असायची. तिनं एकदा सुनेसाठी म्हणून कोलीम, बारकी कोळंबी, परतला होता, आणि अक्षदा ताटावर बसून म्हणाली होती, हे कुजलंय. सासूनं ताजा कोलीम अख्खा तव्यासकट नेऊन मांजरापुढं ओतला आणि दिवसभर बोलली नाही. त्याच संध्याकाळी अक्षदा मागच्या अंगणात पडली होती, पहिल्यांदा, हातपाय झाडत. सगळ्यांनी अशक्तपणा म्हटलं. मशीनवर बसलेली असताना एकदा सुई तिच्या नखातून आरपार गेली, आणि ती कशी गेली हे तिला सांगता आलं नाही. लक्ष नव्हतं, असं तिनं मानलं. किशोर पुढं पुढं हॉलमध्ये चटईवर झोपू लागला. तिनं त्यात कबुली पाहिली. वास आहे हे त्यालाही मान्य आहे, नाहीतर कशाला गेला असता बाहेर?

कर्जतच्या त्या दवाखान्यात डॉक्टरीण येण्याच्या दिवशी व्हरांड्यापर्यंत माणसं होती. फिनेलनं पुसलेली फरशी अजून ओली होती आणि तिच्यावर मातकट पावलांचे ठसे. बाकावर अक्षदाच्या शेजारी डोंगरातल्या वाडीवरचा एक माणूस बसला होता, शुक्रा म्हणून त्याला कुणीतरी हाक मारली. त्याच्या मांडीवर डोकं टेकून त्याची मुलगी पडली होती. तिच्या हाताच्या पंजावर भाजल्याचा गुलाबी, चकाकणारा वण होता. चुलीपाशी असताना तिला आकडी आली असणार, हे कुणी न सांगताही कळत होतं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येत होती. शुक्रा ती तळहातानं पुसायचा आणि तळहात स्वतःच्या शर्टाला पुसायचा. शर्टावर तिथं एक कडक, चकचकीत पट्टा तयार झाला होता. अक्षदा बाकाच्या टोकापर्यंत सरकली. पदर नाकाला लावला. मी यांच्यातली नाही, असं तिला सगळ्या व्हरांड्याला सांगावंसं वाटत होतं. आपण इथं चुकून आलोय, आपल्याला फक्त वास येतो.

डॉक्टर गुळवणी पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, बोलणं संथ. त्यांनी पडण्याबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "पडायच्या आधी काय होतं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "काही नाही," अक्षदा म्हणाली. "वास येतो."

"कसला?"

"कंपनीचा. आम्ही मोहोपाड्याला राहतो ना."

"लग्नाआधी यायचा?"

"हो. लोधिवलीत पण यायचा. वारा तिकडचा असला की."

"शेजाऱ्यांना येतो तेव्हा?"

"त्यांना काही कळत नाही."

"आणि रसायनीपासून लांब कुठं गेलात, तिथं कधी आला?"

अक्षदा म्हणाली, "महाबळेश्वरला." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिथं कंपनी कुठली?" अक्षदानं शेजारच्या खुर्चीकडं बोट केलं. "तिथं हे होते." किशोर मांडीवर हात ठेवून बसला होता. त्यानं ते बोट पाहिलं आणि पुन्हा आपल्या हातांकडं पाहू लागला. डॉक्टरांनी मग त्याला विचारलं, त्यानं काय काय बघितलंय. त्यानं खिशातून मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि मोबाइल टेबलावर आडवा ठेवला. "हे मागं काढलेलं हाय," तो म्हणाला. "हिला माहीत नाय."

पडद्यावर अक्षदा मशीनवर बसली होती. अर्धा शिवलेला जांभळा ब्लाउज सुईखाली. तिचं पाऊल थांबलं. नाकपुड्या आक्रसल्या, वरचा ओठ उचलला गेला, आणि तिनं मान वर करून मोबाइल धरणाऱ्याकडं, म्हणजे किशोरकडं, अशा काही नजरेनं पाहिलं की टेबलाशी बसलेल्या अक्षदालाच मान फिरवावीशी वाटली. आपण माणसाकडं असं बघतो? पायाखाली काही मऊ आल्यावर बघावं तसं? मग पडद्यावरच्या चेहऱ्यातून कुणीतरी निघून गेलं. डोळे उघडे, आत कोणी नाही. ओठ हलायला लागले. मचमच, मचमच, रवंथ केल्यासारखे, तोंडात काही नसताना. जीभ बाहेर येऊन आत गेली. उजवा हात ब्लाउजच्या कापडाला चिमटे काढत होता, सोडत होता, पुन्हा काढत होता. हनुवटीवरून लाळेची तार निघाली आणि जांभळ्या कापडावर उतरली. कुणाचा तरी ब्लाउज होता तो. ती लाळ वाळल्यावर अक्षदानं तो इस्त्री करून, घडी घालून त्या बाईला दिला होता. मग चेहऱ्यात पुन्हा ती परतली. डोळे मिचकावले, इकडंतिकडं पाहिलं, आणि पडद्यावरची अक्षदा जडशीळ आवाजात म्हणाली, "तुमच्या अंगाला वास येतोय. जा, अंघोळ करून या." आणि मोबाइलच्या मागून किशोरचा आवाज, अगदी जवळून: "जातो." तिथं ते संपलं.

मग डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली, संथपणे, कानशिलावर बोट ठेवून. इथं, आतल्या बाजूला, मेंदूचा एक भाग वासाचं काम बघतो. त्या जागी अधूनमधून ठिणगी पडते. ठिणगी लहान असली तर नुसता वास येतो, थोडी पसरली तर तुम्ही दोनेक मिनिटं हरवता आणि ओठ चालू राहतात, सगळीकडं पसरली तर पडता. तिन्ही एकच. वासही फिटच आहे, तिची सुरुवात. हवेत काही नसतं. "तुम्हाला येतो तो खोटा नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुरता खराच असतो. फक्त बाहेर नसतो." मग त्यांनी विचारलं, यांची दुसरी पाळी असते तेव्हा तुम्ही उशिरापर्यंत जाग्या राहता? मग दुसऱ्या दिवशी सकाळी येतो ना? झोप कमी झाली की ठिणगी लवकर पडते, म्हणून. अक्षदा ऐकत होती. इतक्या वर्षांचा हिशोब, प्रत्येक सकाळ, प्रत्येक मुरडलेलं नाक, एका वाक्यात उलटा होऊन तिच्या मांडीवर पडला होता. डॉक्टर पुढं सांगत होत्या: चप्पल, कांदा, किल्ली, काही नाकाशी धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, मान मोकळी ठेवायची, थांबायचं. चपलेनं थांबत नाही, आपोआप थांबतं. मोटरचं मशीन काही महिने बंद, चुलीपाशी, गॅसपाशी एकटीनं राहायचं नाही. आणि मग, तितक्याच सहजपणे, "मूल हवंय का? गोळी कुठली द्यायची ते त्यावर ठरतं." डॉक्टरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी सांगा. तोपर्यंत दोन्हीकडं चालेल अशी देते."

तपासण्या झाल्या. डोक्याला पांढरी चिकट पेस्ट लावून तारा चिकटवल्या. ती पेस्ट केसांत वाळून कोंड्यासारखी पडत राहिली, तीनदा न्हाऊनही बोटांना लागायची. पनवेलला मशीनच्या नळीत आडवं घातलं, आत ठोकाठोक चालली होती आणि अक्षदा नाकानं श्वास घ्यायलाच घाबरत होती. उजव्या कानशिलाच्या आतल्या बाजूला जुना वण निघाला. आईला फोन केला तेव्हा आई आठवून म्हणाली, तू रांगत होतीस तेव्हा तापात ताठ झालेलीस, चौक गावातल्या दवाखान्यात नेईपर्यंत निळी पडलेलीस. म्हणजे लोधिवलीतला वारा नव्हता, रसायनी नव्हती, नवरा नव्हता. नासलेलं अंडं तिच्याच डोक्यात होतं, ती चालायला लागायच्या आधीपासून. ती जिथं जाईल तिथं ते घेऊन गेली होती आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या अंगाला पुसत आली होती.

त्या पहिल्या दिवशी कर्जतहून परतताना किशोरनं चौकच्या अलीकडं स्कूटर थांबवली होती. टपरीवर चहा घेतला. रस्त्यावरून टेंपो जात होते, धूळ चहात पडत होती. अक्षदानं विचारलं, "कधी काढलंत ते?"

"मागच्या पावसाळ्यात."

म्हणजे वर्ष होत आलं होतं. "तेवापासून तुमाला माहीत हाय."

"दत्ताला दाखवलेलं कंपनीत, आमच्या प्लँटमधल्या. त्याच्या बहिणीला हाय हे. तो बोलला, ही फिटच हाय, डॉक्टरला दाखव."

"मग?"

किशोर चहाच्या ग्लासात बघत राहिला. "मग काय. मी घरी आलो, तू बोललीस, वास येतोय. मी गेलो अंघोळीला."

"माहीत असताना?"

"हां."

"का पण?"

"वास असला की मला अंघोळ करता येते गं," तो म्हणाला. "फिट असली तर मी काय करणार होतो?"

अक्षदाला वाटलं होतं की तिला दया येईल, लाज वाटेल, रडू येईल. तिला किळस आली. पोटातून तीच लाट आली, पण मागून वास आला नाही, लाट तशीच राहिली. समोरच्या माणसाच्या चांगुलपणाची किळस. कोपराला भेगा पाडणाऱ्या, तोंडातून शब्द न काढणाऱ्या, मुकाट पाण्याखाली जाऊन उभा राहणाऱ्या त्या चांगुलपणाची. यानं तिला वर्षभर तशीच वागू दिलं होतं. ती त्याच्याकडं त्या नजरेनं बघत होती आणि हा ते मोबाइलमध्ये साठवून ठेवून पुन्हा पुन्हा न्हाणीघरात जात होता. एकदा ओरडला असता तर? थोबाडीत मारली असती तरी तिला राग धरता आला असता. आता धरायला काहीच नव्हतं, सगळं साबणासारखं निसटत होतं. तिनं अर्धा चहा धुळीत ओतला. "चला," ती म्हणाली. स्कूटरवर ती त्याला न धरता, मागची दांडी पकडून बसली.

गोळ्यांनी आधी नुसती सुस्ती आली. डोकं ओल्या गादीसारखं जड. किरकोळ गोष्टींचा संताप यायचा; नळ गळतो म्हणून तिनं एकदा ताटली भिंतीवर मारली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मात्रा बदलली, म्हणाल्या, धीर धरा, आणि गोळ्यांनी नाहीच जमलं तर पुढचे रस्तेही आहेत. वास येतच होता, पण लांबून, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. पोटातली लाट छातीपर्यंतच यायची आणि फुटायची. पावसाळा सरता सरता तिच्या लक्षात आलं की बरेच दिवस तो आलेला नाही. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरभर उरलेले खरे वास एकेक करून पुढं आले: मोरीच्या जाळीतला, ओल्या पायपुसण्याचा, तिच्या स्वतःच्या उशीच्या अभ्र्याचा, जिथं रात्री लाळ गळून नकाशा उमटलेला असायचा. तो अभ्रा तिनं किती वर्षं स्वतः धुतला नव्हता? किशोर धुवायचा, गुपचूप, पहिल्या पाळीला जायच्या आधी. मापाचे ब्लाउज ती आता पायाच्या मशीनवर घ्यायची आणि चिमटीत धरायला जायची तेव्हा हात मध्येच थांबायचा. किळस गेली नव्हती. तिचा मालक बदलला होता.

किशोर मात्र अंघोळ करतच होता. तिनं काही म्हणायच्या आधी, सवयीनं, कंपनीत एकदा आणि घरी दोनदा. दोघं गोळ्यांच्या वेळांबद्दल बोलायची, भाजीबद्दल बोलायची. एका दुपारी तो पहिल्या पाळीहून येऊन हॉलमध्ये चटईवर झोपला होता, तोंड भिंतीकडं करून. अक्षदा गोळी घेऊन पाण्याचा पेला ठेवायला बाहेर आली आणि थांबली. डॉक्टरांचा मुलाबद्दलचा प्रश्न अजून तसाच पडला होता; पुढच्या महिन्यात त्या पुन्हा विचारणार होत्या. ती खाली बसली, वाकली, आणि त्याच्या मानेपाशी, केस संपतात तिथं, नाक नेलं. घाबरतच. साबण आला, लिंबू आलं. तिनं आणखी जवळ नेलं, जवळजवळ कातडीला लावून. साबणाखालीही साबणच होता. इतकी वर्षं एका घरात काढून या माणसाचा वास कसा आहे हे तिला माहीत नव्हतं. तिनं त्याच्यावर दुसरंच काहीतरी ओतलं होतं आणि त्यानं ते घासता घासता स्वतःलाही घासून टाकलं होतं. त्याला जाग आली. तिला इतक्या जवळ पाहून तो दचकून उठून बसला आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या काखेकडं गेला.

"येतोय का?" त्यानं विचारलं.

"नाय," ती म्हणाली. मग हातातला पेला खाली ठेवत: "उद्या अंघोळ नका करू."

"म्हंजे?"

"कंपनीत पण नाय, हितं पण नाय. तसेच या."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला आधी ओळखूच आलं नाही. भीती होती ती. "कशाला पण," तो म्हणाला. "प्लँटमधून तसाच? आता तर आमचं टँक साफ करायचं काम चालू हाय. तुला तरास होईल. परत सुरू झालं म्हंजे?"

"ते वासानं सुरू होत नाय. डॉक्टर बोलल्या ना."

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा उशिरा आला. कॉलनीच्या फाटकाशी बराच वेळ उभा होता, हे तिनं गॅलरीतून पाहिलं होतं. दारात आला आणि तिथंच थांबला, चप्पल काढावी की नाही अशा संभ्रमात, खाकी शर्ट पाठीला चिकटलेला, मानेवर काळपट ओघळ सुकलेले. अंग धुतल्याशिवाय तो घरात असा कधी आला नव्हता. स्वतःच्याच घरात आपण काहीतरी सांडणार आहोत असं तो अंग चोरून उभा होता. अक्षदा जवळ गेली. तिनं पदर नाकाला लावला नाही. तिनं श्वास घेतला.

घाण वास होता. आंबलेला घाम, गंजलेलं लोखंड, ऑइल, त्या ऑइलखाली टाकीतलं काहीतरी तिखट, डोळ्यांना झोंबणारं, आणि सगळ्याच्या तळाशी, मानेजवळ, दरदरून घाम येऊन वाळलेल्या माणसाच्या कातडीचा खारट, जरा जनावरी वास. ती थांबली. लाटेची वाट बघितली. जग आधी होऊन गेल्यासारखं वाटण्याची वाट बघितली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती तिला शेवटपर्यंत ऐकू आली. शेजारणीच्या कुकरची शिट्टीही सलग ऐकू आली. ती इथंच होती. वास तिच्या समोर होता, शर्टावर होता, ती एक पाऊल मागं सरली तेव्हा कमी झाला आणि पुढं आली तेव्हा वाढला.

"येतो का?" किशोरनं विचारलं.

"येतो," अक्षदा म्हणाली.

त्यानं मान हलवली. दाराच्या कडेचा टॉवेल ओढला आणि न्हाणीघराकडं वळला.

"जेवून जा," ती म्हणाली, आणि ताट वाढायला आत गेली.